वाघचौरेबाईंची देवळं

सन एकोणीसशे पंचाण्णव. मी तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो आणि या वयात आपल्याला कुणी नवीन काही शिकवू शकत नाही, अशी माझी खात्री होती. ती अजूनही आहे. फक्त वाघचौरेबाईंचा अपवाद करावा लागतो.

मी लेखक नव्हे. चौथीत गुरुजींनी कानफटात मारली म्हणून शाळा सोडली. पुढे तेच गुरुजी घरी बोलवायला आले, तरी गेलो नाही. मग फौजेत लागलो, गाड्यांच्या तुकडीत. डोंगराच्या रस्त्यांवर लॉऱ्या हाकल्या, हवालदार होऊन बाहेर पडलो. माझं एवढंच पुरे. लिहायचं बाईंवर आहे. बाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. गेल्या दिवाळीत इथल्या, दिल्लीच्या, महाराष्ट्र मंडळाने त्यांच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला आणि मलाही बोलावलं. माइकवरचा पोरगेला सेक्रेटरी म्हणाला, "आता बाईंचे ड्रायव्हरकाका दोन शब्द बोलतील." मी अर्ध्या पायऱ्या चढलो होतो, तिथूनच खाली उतरलो. ड्रायव्हर म्हणे! पण बोलायचं पोटात राहिलं ते राहिलंच. म्हणून आता लिहितो. शुद्धलेखन ज्याला दुरुस्त करायचं त्याने करावं, मजकुराला हात लावू नये.

तर मी रिटायर होऊन एक जुनी मारुती व्हॅन घेतली होती. राहायला मयूर विहाराला लागून असलेल्या चिल्ला गावात. व्हॅन उभी असायची एका सोसायटीच्या गेटापाशी, कडुनिंबाखाली. सोसायटीत सगळे सरकारी नोकर, कुणी बंगाली, कुणी मद्रासी. एक दिवस टायर बदलताना पाना सटकला आणि हातावर बसला. तोंडातून जे निघायचं ते निघालं, मराठीतून. वरून पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला, "साताऱ्याचे का हो?"

शिवीवरून जिल्हा ओळखणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. मान वर केली तर ठेंगणीशी, चष्मेवाली, पांढऱ्या सुती साडीतली बाई मिरच्या वाळत घालत होती. म्हणाली, "मी नगरची. वाघचौरे. थांबा, हळद देते."

नाव वाघाचं आणि चाल मुंगीची, असा तो प्रकार होता. दिल्लीच्या लोकांना ते नाव कधी झेपलंच नाही. पोस्टमन खालून ओरडायचा, "वाघचोर जी, डाक!" बाई वरून उत्तर द्यायच्या, "चोराने वाघ परत केला रे, आता नुसतं आंटी म्हण." आयुष्यभर सरकारी कचेरीत नोकरी केली, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या, पण साहेबीपणा अंगाला लागला नव्हता. नवरा वारलेला. मुलगा एक, सॅम्युएल, त्याला सगळे सॅमी म्हणत. तो कंपनीत मोठ्या जागेवर होता. घरात बाई, त्यांच्या मिरच्या आणि त्यांच्या कविता.

कवितांचं मला त्या वेळी माहीत नव्हतं. चार दिवसांनी खाली येऊन म्हणाल्या, "जाधवराव, शनिवारी गाडी मोकळी आहे का? देवळात जायचंय. जुन्या. शहरातल्या नको, खेड्यातल्या."

मी म्हटलं, चला. कपाळावर कुंकू नव्हतं, पण विधवा बाई, मी तरी काय समजणार? नेलं त्यांना यमुनेच्या कडेच्या एका जुन्या शंकराच्या देवळात. बाई उतरल्या, चपला काढल्या, आत गेल्या. पुजाऱ्याशी बोलल्या, त्याच्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, हातात चार साखरफुटाणे घेऊन बाहेर आल्या. अर्धे मला दिले. व्हॅनमध्ये बसल्यावर हळूच म्हणाल्या, "छान आहे हो देऊळ. माणूसही सज्जन आहे. पण जाधवराव, मी ख्रिश्चन आहे."

"मग देऊळ कशाला म्हणालात?"

"आमच्या नगरकडे आम्ही देऊळच म्हणतो. माझा बाप म्हणायचा, आजा म्हणायचा. आता इंग्रजी येतं म्हणून बापाचा शब्द टाकू का?"

बापाचा शब्द न टाकणारी माणसं मला आवडतात.

पुढल्या वेळी गाझियाबादच्या पलीकडे, हापूडच्या रस्त्याला गेलो. त्या बाजूला खेड्यांतून इंग्रजांच्या काळातली मिशनची लहान लहान देवळं आहेत, ऊस आणि मोहरीच्या शेतांत हरवलेली. चहाच्या टपरीवर मी हिंदीतून विचारलं, जुनं प्रार्थनेचं घर कुठं आहे. तो म्हणाला, "गिरजा? नहर के पुल से सीधे, गिरजाघर सामने है." मी परत येऊन बाईंना सांगितलं, "बाई, इथंही तुमचं नाही. इथं गिरजामातेचं देऊळ आहे म्हणतात."

बाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढला, पदर तोंडाला लावला, तरी थांबेनात. टपरीवाला घाबरून पाणी घेऊन आला. हिंदीत चर्चला गिरजाघर म्हणतात हे पंचवीस वर्षं फौजेत काढून मला माहीत नव्हतं, कारण आमच्या पलटणीत सगळे त्याला चर्चच म्हणत. माझं काय चुकलं? गिरिजा म्हणजे पार्वती, हे आमच्या गावात शेंबडं पोरगं सांगेल.

परत येताना त्या कालव्याच्या पुलावर बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "जाधवराव, ऐका.

*गिरिजेचं घर विचारीत आलो,*
*ख्रिस्ताने दार उघडले;*
*म्हणाला, ती पाणी आणाया गेली,*
*बसा की तोवर, पाव्हणं.*"

मी म्हटलं, "मला कवितेतलं कळत नाही."

"नका कळून घेऊ. ऐका नुसतं."

बाईंचं सगळं असं होतं. आणि ती कविता त्यांनी मंडळाच्या गणपतीत बिनधास्त म्हणून दाखवली. एक गृहस्थ उठून उभे राहिले, "गणपतीच्या मांडवात हे काय चाललंय?" तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "बरोबर तर आहे की. मयूर विहारात नळाला पाणी कुठं असतंय? गेली असेल बिचारी टँकरला." मांडव हसला, गृहस्थ बसले. बाई स्टेजवरून म्हणाल्या, "आजी, ही ओळ मला सुचायला हवी होती."

महिन्यातून दोनदा तरी आम्ही निघायचो. शनिवार, किंवा सरकारी सुट्टी. बाईंच्या हातात छत्री, बाजरीच्या भाकरी आणि ठेच्याचा डबा, थर्मास. कागद, पेन नाही. देवळात बसून लिहिणाऱ्यांचा त्यांना राग होता. "पाहुणं म्हणून गेलो तर घरच्याशी बोलावं, का त्याच्या भांड्यांची यादी करावी?" आत गेल्या की सगळ्यात मागच्या बाकावर बसायच्या, बाक नसलं तर जमिनीवर. भिंतीवरून तळहात फिरवायच्या, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. चपला मात्र दारातच काढायच्या. इथले लोक बुटासकट आत जातात, त्यांनी सांगितलंसुद्धा, "बीबीजी, रहने दीजिए, अंदर ठंडा है." बाई म्हणायच्या, "आमच्याकडे काढतात." संपलं.

मी आत जात नसे. मी बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाय ठेवत नाही आणि बाईंनी कधी बोलावलं नाही. एकदा मीच म्हटलं, "एवढ्या वेळा आलो, कधी या म्हणाला नाहीत." तर म्हणाल्या, "या म्हटलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग नाही म्हणालात म्हणून जन्मभर आला नसता. त्यापेक्षा राहू दे, दार उघडंच आहे." माझा स्वभाव इतका स्वच्छ कुणी वाचला नव्हता, माझ्या बायकोनेसुद्धा नाही.

कविता यायची ती परतीच्या रस्त्यावर. मागून आधी नुसतं पुटपुटणं, मग एकेक ओळ मोठ्याने. ओळ जमली की "फुगली" म्हणायच्या, नाही जमली तर "चिकटली तव्याला." भाकरीचीच भाषा सगळी. मला पहिल्यांदा वाटलं, स्वतःच ठरवतात. पुष्कळ दिवसांनी कळलं की ठरवत मीच होतो.

झालं असं. मोदीनगरच्या बाजूने येत होतो. बाई काहीतरी म्हणाल्या आणि लगेच म्हणाल्या, "फुगली." मी म्हटलं, "तुम्हाला एवढ्या लवकर कसं कळतं?" तर खुशाल सांगतात, "गाडी हळू झाली ना. ओळ चांगली असली की तुमचा पाय ॲक्सिलेटरवरून उचलतो. वाईट असली की तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करता."

मला राग आला. माझा पाय माझा आहे. त्या दिवसापासून मी ठरवून गाडी एका स्पीडला ठेवायला लागलो. मान ताठ, काटा हलू द्यायचा नाही. दोन फेऱ्या बाईंनी काही बोलून दाखवलंच नाही. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "जाधवराव, फौजेत तुम्ही हट्टासाठी नावाजलेले होतात का?" मी म्हटलं, "हो." म्हणाल्या, "मीही. आमच्या ऑफिसात तीन साहेब बदली मागून गेले." आणि खिडकीतून बाहेर बघत एक ओळ म्हटली. ती कुठली ते आता आठवत नाही. पण काटा खाली आला. मागून थर्मासचं झाकण उघडल्याचा आवाज आला आणि चहाचा कप माझ्या खांद्याजवळ.

त्या हापूडकडच्या गिरिजेच्या घरी आम्ही सगळ्यात जास्त वेळा गेलो. एका फेरीला बघतो तर देवळाच्या व्हरांड्यात म्हैस बांधलेली आणि आत अर्ध्या जागेत गोवऱ्यांची थप्पी. मी तिथल्या राखणदार म्हातारीवर चढलो, "अम्मा, ये भगवान का घर है या तबेला?" म्हातारी हात जोडायला लागली. पावसात तिचं छप्पर पडलं होतं, जनावर कुठं ठेवणार? दाव्याला हात घातला मी. तर बाई आतून ओरडल्या, "जाधवराव, म्हैस राहू द्या! तो गोठ्यातच जन्मला होता."

त्या दिवशी परतताना दोनच ओळी झाल्या.

*गोवऱ्यांच्या थप्पीला टेकून बसले,*
*वास आला: बेथलेहेम.*

"पुढं?" मी विचारलं. आपण होऊन विचारलेलं ते पहिलंच. बाई म्हणाल्या, "पुढं काही नाही. एवढीच भाकरी." माझा पाय कुठं होता ते सांगत नाही.

तिथंच, म्हशीच्या शेजारी डबा उघडून बसलो असताना, बाईंनी बापाचं सांगितलं. त्यांचा बाप नगर जिल्ह्यात एका खेड्यात शिक्षक आणि उपदेशक होता. एकच लांब खोली, आठवडाभर शाळा आणि रविवारी देऊळ. लोक आत बसून भजनं म्हणायचे, पेटी-तबल्यावर. आणि बाप उपासना सुरू करण्याआधी दारात वाकून सगळ्यांच्या वहाणा ओळीत लावायचा. पाटलाचा जोडा असो नाहीतर सालगड्याच्या टायरच्या चपला, सगळ्यांची ओळ एक. आणि तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे माणूस निघाला की पाय घालून सरळ घरच्या वाटेला लागावा. "लोक म्हणायचे, मास्तर, तुम्ही कशाला हात लावता? तर म्हणायचा, आत आणायचं काम देवाचं, मी घरी पाठवणारा."

"ते देऊळ आहे का अजून?"

"नाही. पाडून सिमेंटचं बांधलं, तेही दुसऱ्या जागी. ती खोली मला आठवते, वासासकट आठवते. पण जाधवराव, तिच्यावरची कविता होत नाही. तीस वर्षं झाली. सुरुवात होते, मधलं होतं, शेवट चिकटतो. दुसऱ्यांची देवळं बघत फिरते ती कशासाठी? कुठंतरी माझ्या बापाचं देऊळ सापडेल म्हणून. बाकीच्या कविता म्हणजे रस्त्यात वेचलेल्या शेंगा."

हे त्या हसत हसत म्हणाल्या, पण ठेचा तसाच राहिला होता बोटाला. तेव्हा मला कळलं की माझी व्हॅन कुठं जातेय.

अशी दोन-तीन वर्षं गेली. दिल्ली तोवर बदलायला लागली होती. जो तो नवीन गाडीच्या आणि गुडगावच्या गोष्टी करायला लागला. सॅमीने तिथं एका टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, नवव्या मजल्यावर. दर रविवारी मोठी गाडी घेऊन यायचा. "मम्मी, चलो ना यार. इथं एकटी काय करतेस? वीज जाते, पाणी नाही." बाई म्हणायच्या, "तुझ्याकडे उंबरा आहे का?"

"उंबरा? म्हणजे ते झाड?"

"नाही रे राजा. दारातला."

"अच्छा, ते चौखट के नीचेवाला? तिथं मार्बल आहे, मम्मी. एकदम प्लेन."

एकदा गेटापाशी मला म्हणाला, "अंकल, तुम्ही तरी समजवा तिला." मी म्हटलं, "मी कुणाचा अंकल नाही." पण पोरगा वाईट नव्हता. बाईंचा गुडघा धरायला लागला होता, जिना उतरताना कठडा सोडत नव्हत्या, हे त्यानेही पाहिलं होतं आणि मीही. शेवटी बाई म्हणाल्या, "थंडी संपली की येते."

त्या थंडीत बाईंना घाई लागली. घाई हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हताच, कुणी घाई केली की विचारायच्या, "कुठं पेरणी राहिलीय?" आता स्वतःच सकाळी खाली येऊन उभ्या. "जाधवराव, ते मोहरीतलं."

मोहरीतलं म्हणजे गुडगावच्या पलीकडे एका खेड्याबाहेर होतं ते. लाल विटांचं, चुन्याचं, एकच लांब खोली. बाई पहिल्यांदा गेल्या तेव्हा बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "लांबी तीच. खिडक्या तशाच. फक्त बाप नाही." मागल्या वर्षीपासून भोवतीच्या शेतांत नव्या सेक्टरच्या पाट्या लागल्या होत्या आणि रस्त्याची आखणी झाली होती. माणसं केव्हाच दुसरीकडे प्रार्थनेला जायला लागली होती.

आम्ही पोचलो तर देऊळ पाडलेलं होतं. सगळं नाही. मागची भिंत उभी होती, एका खिडकीसकट. बाकी विटांचा ढीग, आणि विटा भरायला आलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मोहरी मात्र फुललेली, पार भिंतीपर्यंत.

मी गाडी वळवायला लागलो. बाई म्हणाल्या, "थांबा. आले आहे तर भेटून येते."

उतरल्या. छत्री टेकत ढिगापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. मला कळेना काय शोधतात. इकडे दोन पावलं, तिकडे दोन पावलं. मग ध्यानात आलं, त्या दार शोधत होत्या. चपला कुठं काढायच्या ते ठरत नव्हतं. शेवटी एका जागी, अंदाजाने, चपला काढल्या आणि अनवाणी आत गेल्या. आत म्हणजे काय, ढिगावर. मी ओरडलो, "बाई, काच असेल!" त्यांनी मागे न बघता हात वर केला. उरलेल्या भिंतीपाशी गेल्या आणि तळहात टेकवून उभ्या राहिल्या.

ट्रॅक्टरवाल्याने मला विचारलं, "माताजी का कुछ खो गया क्या?" मी म्हटलं, "हां. चुप बैठ."

त्यांच्या चपला विटांवर वेड्यावाकड्या पडल्या होत्या, एक इकडे एक तिकडे. मला ते बघवेना. बराकीत बूट वाकडा दिसला की आमचा सुभेदार तो खिडकीबाहेर फेकायचा, ती सवय. मी गेलो, एक सपाट वीट बघितली, चपला झटकल्या आणि जोडून ठेवल्या, टाचा आत, तोंड रस्त्याकडे. गाडीपाशी येऊन उभा राहिलो. मनात दुसरं काही नव्हतं. म्हशीपाशी ऐकलेली ती गोष्ट त्या वेळी मला आठवलीसुद्धा नव्हती.

बाई परत आल्या. ढिगाच्या टोकाला आल्या आणि खाली बघून थांबल्या. किती वेळ झाला कुणास ठाऊक, पाय चपलेत घालीनात. मला वाटलं काच लागली. पुढं झालो तर त्यांनी मान हलवली, नको म्हणून. मग छत्री माझ्या हातात दिली, एकेक पाय चपलेत घातला आणि सरळ, वळायला न लागता, गाडीकडे चालत आल्या.

हायवेला लागेपर्यंत मागे नेहमीचं पुटपुटणं नाही. आणि मग एकदम, जणू कुणी वाचायला दिलंय अशा आवाजात,

*"भिंत नाही, दार नाही,*
*बाप कुठे दिसत नाही.*
*कुणी वळवल्या माझ्या चपला*
*घराच्या दिशेला?"*

मागून ट्रकचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा मला कळलं की गाडी बंद पडलीय. भर हायवेवर, मधल्या लेनमध्ये. पाय क्लचवर नव्हता, ब्रेकवर नव्हता, कशावरच नव्हता. एक ट्रकवाला खिडकीशी येऊन आईबहिणीवरून गेला. बाई काच खाली करून त्याला म्हणाल्या, "भैया, दो मिनट. रोटी फूल गई है." तो वेड्यासारखा बघत पुढं गेला.

मी चावी फिरवली. बाई म्हणाल्या, "तीस वर्षं."

थंडी संपली. बाईंनी शब्द पाळला. सामान सॅमीने ट्रकने नेलं, पण स्वतः त्या माझ्या व्हॅनमधून गेल्या. निजामुद्दीनचा पूल ओलांडताना म्हणाल्या, "आता काय राहिलं, जाधवराव? ज्या ओळीसाठी फिरत होते ती मिळाली. आता तुमचीही सुटका." मी ट्रकला ओव्हरटेक केलं.

टॉवर म्हणजे काचेचा. खाली एवढा हॉल की आमची अख्खी बराक मावावी. फरशी अशी चकचकीत की बाईंचं आणि माझं तोंड तीत दिसत होतं, दोन्ही घाबरलेली. मी त्यांची छत्री आणि डबा लिफ्टपर्यंत नेऊन दिला. बाईंनी फरशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून चपला काढून हातात घेतल्या. "देऊळच आहे हो," म्हणाल्या, "फक्त राहतं कोण ते विचारायला हवं." हसल्या. एका हातात चपला, दुसऱ्यात डबा, काखेत छत्री, अशा अनवाणी लिफ्टमध्ये उभ्या राहिल्या. दार दोन्हीकडून मिटलं. मिटता मिटता मला शेवटचा त्यांचा चष्मा दिसला.

घरी आलो. बायको म्हणाली, जेवा. मी म्हटलं, भूक नाही. म्हणाली, "मग भांडताय कुणाशी? मघापासून ओठ हलताहेत." मी भांडत होतो बाईंशी. सुटका म्हणे! कुणी मागितली होती सुटका?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, व्हॅन धुतली आणि कुणी बोलावलं नसताना अख्खी दिल्ली आडवी ओलांडून गुडगावला गेलो. आयुष्यात न बोलावता गेलो तो तेवढा एकदाच. गेटावर गार्डाने अडवलं.

"किससे मिलना है?"

"वाघचौरेबाई. नववा मजला."

"वाघचोर?"

"तेच."

"आप कौन? ड्राइवर?"

मी दोन वेळा श्वास घेतला. "हां," म्हटलं, "ड्राइवर."

त्याने इंटरकॉम उचलला. "मैडम, नीचे आपका ड्राइवर आया है. क्या बोलूँ, किसलिए?" मी म्हटलं, मी सांगतो तसंच सांग, माझ्या शब्दांत. त्याने रिसीव्हर धरून अडखळत अडखळत सांगितलं, "देव-ळात... जाय-चंय."

पलीकडून मग हसू आलं, इतकं मोठं की गार्डाने रिसीव्हर कानापासून लांब धरला.

बाई खाली आल्या. छत्री होती, डबा नव्हता, घाईत राहिला असणार. व्हॅनमध्ये बसल्या, दार ओढून घेतलं.

"कुठल्या?" म्हणाल्या.

"म्हशीच्या," मी म्हटलं, आणि गाडी गिअरमध्ये टाकली.